मागचा शब्द

ऑफिसात त्याला सगळे दादा म्हणत. मालकसुद्धा म्हणे, आणि मालक त्याच्यापेक्षा वयानं चांगला मोठा होता. हे नाव तिथे पोचलं ते बेबीमुळे. बेबी म्हणजे त्याची धाकटी बहीण. ती ऑफिसात फोन करायची आणि "दादा आहे का?" एवढंच विचारायची, पण अशा पट्टीत, की फोन उचलणाऱ्याला रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागे आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस न विचारता दादाला हाक मारी. ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवायची. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून "ब्रेक! अहो, मधला तो ब्रेक!" असं ओरडून तिचा आवाज चढला तो चढलाच. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "माझ्या बाजूलाही ब्रेक असलेली गाडी आणा, मग बघू." चाळिशी उलटली तरी ती बेबीच राहिली, आणि आईजवळच राहिली.

आणि नेमका हिचाच आवाज गेला.

आधी क्लचवरचा पाय जड झाला. मग हातातून कप निसटायला लागले, मग जीभ अडखळायला लागली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगायला बराच वेळ घेतला आणि औषध नाही हे मात्र चटकन सांगून टाकलं. शरीरातला एकेक स्नायू हात टेकत गेला आणि शेवटी बेबीच्या ताब्यात उरला तो डावा गाल.

दादाची कंपनी अशाच लोकांसाठी बोलका डबा बनवायची. लोकांना वाटे, बहिणीच्या आजारामुळे तो या कामाकडे वळला. तसं काही नव्हतं. बेबी ठणठणीत होती, रस्त्यावर लोकांना शिव्या घालत होती, तेव्हापासून तो तिथे होता. डब्याच्या पोटातला कोड त्याचा होता. अगदी तळाचा, प्रोसेसरला थेट भिडणारा. पडद्यावर शब्दांच्या चौकटी असत आणि उजेडाचा एक चौकोन एकेका शब्दावरून सरकत जाई. हवा तो शब्द आला की गाल उडवायचा. गालाला चिकटवलेला सेन्सर ते टिपे आणि डबा तो शब्द बोले.

बेबीचा डबा घरी आला तेव्हा तिची पहिली मागणी होती, यात शिव्या भर. दादानं चौकटींत दोनचार सौम्य शिव्या भरल्या. डब्यातला आवाज एका अतिशय सुसंस्कृत बाईचा होता. सकाळी आई खोलीत येऊन पडदे सारायची आणि ती बाई मोठ्या अदबीनं म्हणायची, "गाढवा. उजेड. नको." आई हसता हसता पलंगाच्या कडेवर टेकायची. त्या घरात शेवटचं हसू झालं ते त्या डब्यामुळेच.

पुढे जुना प्रोसेसर बनवणं कारखान्यानं बंद केलं. मालकानं नवा शोधला, स्वस्त आणि वेगवान. सगळा कोड आता त्यावर न्यायचा होता, आणि वापरणाऱ्याला तसूभरही फरक जाणवता कामा नये, असं ठरलं.

"जमेल ना दादा?" मालकानं विचारलं.

"कोड माझा आहे. चिप कुठली का असेना," दादा म्हणाला.

हे बोलणं फुशारकीचं होतं, पण पोकळ नव्हतं. या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. दोन प्रोसेसर वरवर सारखेच हिशोब करतात, पण आतल्या खोडी वेगळ्या असतात. जुन्यावर एका बाइटमध्ये उणे आकडे धरले जात. नव्याला त्याच बाइटमध्ये उणं असं काही माहीतच नव्हतं, त्याच्या लेखी उणे एक म्हणजे दोनशे पंचावन्न. त्यामुळे गाल जरासा उलटा हलला तरी नव्या डब्याला तो गदागदा हलल्यासारखा वाटे. अशा खोडी दादानं एकेक करून हुडकल्या. जुन्या आणि नव्या प्रोसेसरचे दोन्ही बोर्ड टेबलावर शेजारी ठेवायचे, दोघांना एकच काम द्यायचं आणि दोघांचं उत्तर अक्षर न् अक्षर जुळेपर्यंत उठायचं नाही, ही त्याची पद्धत. शेवटी सगळं जुळलं. मालकानं पाठ थोपटली.

त्याच सुमाराला बेबीचा जुना डबा बंद पडला. आतला बोर्डच गेला आणि ऑफिसातला तपासणीचा एक सोडला तर बदलायला जुना बोर्ड कुठेच मिळेना. दादानं नव्या डब्यांच्या पहिल्या खेपेतला एक घरी आणला. नवा डबा झटपट बोलायचा. बेबीनं दिवसभर तो वापरला आणि संध्याकाळी म्हणाली, "छान. दादा. कमी. गाढव."

"हे तुझं सर्टिफिकेट फ्रेम करून लावतो," दादा म्हणाला.

थोडे दिवस बरे गेले. मग एकदा आईनं विचारलं, "पाणी देऊ?" आणि डबा म्हणाला, "खिडकी." आईनं खिडकी लावली. खिडकीबद्दल बेबी आधीच बोलून झाली होती, आई ती उघडून आली होती. आता ती लावल्यावर बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. असं आणखी एकदा झालं, मग परत झालं. फार वेळा नाही, आठवड्यातून कधीतरी. तिला हवा असलेला शब्द सोडून डबा तिचा आधीचाच शब्द पुन्हा बोले, आणि पडद्यावरही तोच उमटे.

दादा तिच्याजवळ बसला. सेन्सर काढून, पुसून पुन्हा चिकटवला.

"बेबी, गाल थकत असेल तुझा. चौकोन मागच्याच शब्दावरून जातो तेव्हा तो चुकून उडतो. वेग कमी करून देऊ?"

उजेडाचा चौकोन फिरत राहिला. तिनं एकेक शब्द वेचला. "मी. नाही."

"तू मुद्दाम करत्येस असं कुठे म्हणतोय मी?"

"मी. नाही. डबा."

"डब्याची तपासणी झाली आहे गं. दोन्ही बोर्डांवर एकच उत्तर येतं. मी स्वतः बघितलंय."

चौकोन दोनदा सगळ्या पडद्यावरून फिरून आला. मग त्या सुसंस्कृत बाईच्या आवाजात म्हणाली, "गाढवा."

दादा हसला. तिला हसवायला म्हणून हसला, पण ती हसत नव्हती. गाल तेवढा शाबूत होता तिचा, आणि त्या गालावरही कुणी विश्वास ठेवत नव्हतं.

तरी तो अगदीच कानाडोळा करणारा नव्हता. ऑफिसात जाऊन त्यानं नवा डबा पुन्हा टेबलावर घेतला. टेस्टिंगचं काम बघणारी एक बाई होती, तिला सगळे गोचीड म्हणत. एकदा एखाद्या बगला, म्हणजे कोडमधल्या चुकीला, चिकटली की ती सुटायची नाही म्हणून. आणि तिलाही ते नाव आवडायचं. दोघांनी मिळून डब्याला शब्द भरवले. प्रत्येक पायरीला आत काय चाललंय ते पडद्यावर छापत गेले. काहीच सापडलं नाही. हजारो शब्द गेले, सगळे बरोबर.

"बहिणीचा गालच असेल रे," गोचीड म्हणाली, पण तिच्या तोंडावर समाधान नव्हतं. "तरी मी सोडत नाही. चालू ठेवते."

गोचीड तपासत होती तेवढ्यात एका दुपारी आईचा फोन आला. बेबीला कफ अडकला होता, ओठ निळे पडत होते, ॲम्ब्युलन्स बोलावली होती. दादा पोचला तेव्हा बेबी हॉस्पिटलच्या कॉटवर होती आणि आई डबा पोटाशी धरून उशाशी उभी होती. घाईगर्दीतही ती डबा विसरली नव्हती. सेन्सर गालाला लावलेला होता.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाबरट नव्हती. तिनं दादाला बाजूला घेतलं आणि आवाज न वाढवता सांगितलं. स्वतःहून श्वास घेणं आता फार काळ जमणार नाही. घशाला छेद देऊन नळी घालता येईल, मशीन श्वास देईल. पण एकदा ते मशीन लागलं की ते सुटणं अवघड, आणि आजार तर पुढे जातच राहणार. नको असेल तर गुदमरणं जाणवू नये म्हणून औषध देता येईल आणि सोबत बसता येईल.

"याआधी कधी बोलणं झालंय का त्यांच्याशी या विषयावर?" तिनं विचारलं.

झालं होतं. बेबी एकदा हो म्हणाली होती, एकदा ठामपणे नाही म्हणाली होती, आणि शेवटच्या वेळी विषय काढला तेव्हा म्हणाली होती, "नंतर." दादानं ते सगळं खरंखरं सांगितलं.

"मग त्यांनाच विचारू. अजून शुद्धीवर आहेत."

ती कॉटपाशी आली. आई बेबीच्या कपाळावरून हात फिरवत होती. "डोकं थोडं वर करू का गं?" आईनं विचारलं.

"हो," डबा म्हणाला. आईनं उशी सरकवली.

डॉक्टरीणबाईनं खाली वाकून सगळं पुन्हा एकदा, साध्या शब्दांत, बेबीला सांगितलं. आणि विचारलं, "नळी घालू?"

उजेडाचा चौकोन सरकायला लागला. गाल उडाला. दादानं स्वतःच्या डोळ्यांनी बघितला, पडद्याकडे त्याचं लक्ष नव्हतं.

"हो," डबा म्हणाला.

"ऐकलंत ना? हो म्हणाली!" आई म्हणाली.

डॉक्टरीणबाईनं खात्रीसाठी पुन्हा विचारलं. चौकोन फिरला, टोकाला जाऊन परत आला, पुन्हा फिरला. गाल हलला नाही. बेबीचे डोळे वर गेले होते. मग धावपळ झाली, पडदा ओढला गेला आणि त्या दोघांना बाहेर काढलं.

बेबी वाचली. नळी बसली, मशीन लागलं. पण त्या गुदमरण्यात मेंदूला प्राणवायू किती वेळ कमी पडला आणि त्यातून काय उरलं, हे कुणालाच नीट सांगता येईना. ती घरी आली तेव्हा तिचे डोळे उघडे असत, पण ते कुणाच्या मागे फिरत नसत. गाल हलत नव्हता. आई मात्र कामाला लागली. कफ ओढून काढायचं सक्शन कसं करायचं, नळी कशी पुसायची, कूस कधी बदलायची, सगळं ती नर्सकडून शिकली. शेजारपाजारचं कुणी आलं आणि हळहळलं तर ती त्यांना गप्प करी.

"तिला विचारूनच केलंय सगळं. ती हो म्हणाली."

दादाही स्वतःला हेच सांगत असे. त्या एका शब्दावर घर उभं होतं.

आणि मग गोचिडीला सापडलं.

तिनं एके दिवशी सगळं छापणं बंद करून टाकलं. मधे काही विचारायचं नाही, काही दाखवायचं नाही. डब्याला त्याच्या वेगानं चालू द्यायचं आणि चुका किती झाल्या ते फक्त शेवटी बघायचं. शेवटी बघितलं तर चुका होत्या. थोड्याच, पण सगळ्या एकाच जातीच्या: मागचाच शब्द पुन्हा. जुन्या बोर्डावर एकही नाही.

दादाला कळायला अर्धी सकाळसुद्धा लागली नाही. डब्याचा एक भाग गालाकडे लक्ष ठेवतो आणि निवडलेला शब्द मेमरीतल्या एका ठरलेल्या जागी लिहितो. लिहून झालं की शेजारच्या जागी खूण करतो: शब्द तयार आहे. दुसरा भाग त्या खुणेवर टपून बसलेला असतो. खूण दिसली रे दिसली की तो शब्द उचलून बोलतो. आधी शब्द, मग खूण. जुना प्रोसेसर हा क्रम पाळायचा. ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं ते दुसऱ्या भागाला दिसायचं. नवा प्रोसेसर वेगासाठी असलं काही बंधन मानत नव्हता. त्याच्याकडे कधीकधी खूण आधी पोचायची आणि शब्द मागून. मग दुसरा भाग त्या जागी जे पडलेलं असेल ते उचलायचा, म्हणजे मागचाच शब्द. मधे काही छापत राहिलं की तेवढ्या वेळात शब्द पोचायचा आणि सगळं सुरळीत दिसायचं. नव्या चिपच्या कागदपत्रांत हे स्वच्छ लिहिलेलं होतं. क्रम हवा असेल तर कोडमध्ये तसं सांगावं लागतं. दादानं कधी सांगितलं नव्हतं, कारण जुन्यावर कधी सांगावं लागलं नव्हतं.

दुरुस्ती दोन ओळींची होती. एक लिहिणाऱ्या बाजूला, एक वाचणाऱ्या बाजूला. गोचिडीनं डबा पुन्हा लावला आणि दोनतीन दिवस चालू ठेवला. एकही चूक नाही.

मालकानं सगळ्यांना चहा सांगितला. "दोन ओळी! वा रे दादा!"

गोचीड हसत नव्हती. ती दादाकडे बघत होती. तिला हॉस्पिटलमधलं माहीत होतं, दादानंच सांगितलेलं. तिनं चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि हळूच म्हणाली, "तेव्हा आधी काय बोलली होती ती?"

"हो," दादा म्हणाला.

बेबीनं हो म्हटलं असेल तर डबा हो म्हणणार. आणि नाही म्हटलं असेल तरीही तो हो म्हणाला असण्याची शक्यता होती. शक्यता लहान होती, पण आता ती खरी होती. बग सापडला नसता तर ती कधी जन्मालाच आली नसती, असा एक वेडा विचार दादाच्या मनात आला.

आईला त्यानं काही सांगितलं नाही. नवा कोड मात्र बेबीच्या डब्यात घातला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग एका रविवारी सकाळी आई स्वयंपाकघरात असताना त्यानं सेन्सर बेबीच्या गालाला लावला आणि पडद्यावर सेन्सरची रेघ उघडली. सपाट होती, बारीक थरथर होती, पण ती नुसती विजेची थरथर, सेन्सर टेबलाला लावला तरी दिसली असती. तो तिच्या कानाशी वाकला.

"बेबी, तुझं बरोबर होतं. डबाच चुकत होता. तू त्या दिवशी काय म्हणालीस ते मला कळलेलं नाही. एकदा सांग. कसंही सांग."

रेघ हलली नाही. त्यानं डब्याची संवेदनशीलता वाढवली. मग आणखी वाढवली. हे चुकीचं आहे हे त्याला ठाऊक होतं, पण हात थांबेना. आणखी एक टप्पा चढवला आणि डबा बोलायला लागला.

"पाणी. नको. दादा. उजेड. हो. नाही. गाढवा."

स्वयंपाकघरात भांडं पडलं. आई ओल्या हातांनी धावत आली. "बोलतेय! अरे, बोलतेय ती!" ती बेबीच्या तोंडाशी तोंड नेऊन म्हणाली, "काय गं माझे बाई? काय हवंय?"

"हो. पाठ. हो. खिडकी," डबा म्हणत होता.

दादानं डबा बंद केला.

"बंद का केलास? ती बोलत होती ना!"

"ती नव्हती आई. मीच संवेदनशीलता जास्त चढवली होती. ते नुसतं काहीही होतं."

"मला हाक मारत होती ती. तू तुझं मशीन बघ, मला शिकवू नकोस."

ती डब्याकडे हात न्यायला लागली. दादानं तो उचलून पाठीमागे धरला, आणि तिला समजावता समजावता सगळंच सांगून बसला. खूण आधी, शब्द मागून. मागचा शब्द. हॉस्पिटल. सांगताना त्याला वाटत होतं, आई त्याच्यावर चिडेल, त्याला बोल लावेल, कदाचित घराबाहेर काढेल. ते त्याला हवंच होतं.

आई चिडली नाही. खुर्चीवर बसली. पदराला हात पुसत राहिली, हात केव्हाचे कोरडे झाले तरी.

"म्हणजे तिच्या आधीचा 'हो' पडून राहिला होता तिथे," ती म्हणाली.

"पडून राहिला असेल. असेलच असं नाही."

"उशीचा. मी विचारलं होतं डोकं वर करू का म्हणून."

दादाच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्यानं फक्त शब्दाचा विचार केला होता. तो शब्द कुणी विचारून काढून घेतला होता, याचा नाही.

"आई, तसं नसतं ते. तुझा त्यात काय संबंध? चूक कोडची आहे, माझी आहे."

"मी गप्प उभी राहिले असते तर?"

"तर त्याआधीचा कुठला तरी शब्द आला असता. काहीही आलं असतं."

"मग डॉक्टरांना कळलं असतं की काहीतरी चुकतंय," आई म्हणाली.

हे खरं होतं. पाणी किंवा खिडकी असं उत्तर आलं असतं तर कुणीही पुन्हा विचारलं असतं. दादाला यावर खोटं बोलायचं होतं, आयुष्यात पहिल्यांदा एखादं सफाईदार खोटं; पण शब्द सुचला नाही. मशीन आपल्या ठेक्यात बेबीची छाती वरखाली करत राहिलं.

नवा कोड सगळ्या डब्यांत गेला. इतर घरांतून येऊ लागलेल्या तुरळक तक्रारीही थांबल्या. कुणा म्हाताऱ्या माणसाच्या मुलीनं फोन करून मालकाला सांगितलं की बाबा आता नीट बोलतात. मालकानं दादाला मुद्दाम बोलावून ते ऐकवलं. दादा "बरं झालं" म्हणाला आणि जागेवर जाऊन बसला. त्याचं काम पहिल्यासारखंच चोख होतं. फक्त दोन बोर्डांचं उत्तर जुळलं की तो पूर्वी टेबलावर थाप मारायचा, ते बंद झालं. गोचीड त्याच्या जागेवरून जाताना कधी थांबायची, मग पुढे जायची.

डॉक्टरीणबाईला तो एकदा भेटला. मशीन काढण्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, त्यासाठी पेशंटची इच्छा माहीत असावी लागते. नाहीतर घरच्यांचं एकमत. तो घरी आला. आईला विचारायचं त्याच्यानं झालं नाही, आणि आईनं विचारलं असतं तर स्वतः काय म्हणाला असता, तेही त्याला माहीत नव्हतं.

आई आता बेबीशी बोलत नव्हती. आधी दिवसभर तोंड चालू असायचं. हे करू का, ते करू का. आता ती मुकाट्यानं कूस बदलायची, मुकाट्यानं नळी पुसायची. काम तितकंच नीट, एकही गोष्ट न चुकता.

रविवारी केस धुवायचे असत. ते एकटीच्यानं होत नसे म्हणून दादा येई. तो बेबीची मान दोन्ही हातांत धरे, नळीला धक्का लागणार नाही अशी. खाली टब असे आणि आई मगानं पाणी सोडे. पाणी कढत आहे का, ते दादा आधीच कोपर बुडवून बघे. त्या रविवारी बेबीच्या डोळ्यात साबणाचा फेस गेला. डोळा लाल झाला, पाणी आलं आणि कानामागे ओघळलं. आईचा मग हवेतच थांबला. दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

"साबण गेलाय," दादा म्हणाला.

"हं," आई म्हणाली, आणि फडक्याच्या टोकानं तिचा डोळा टिपू लागली.